सोळा पायऱ्या अन् हिंगुळाची शिंगं

आपल्या सासूनं चार दिस आपल्या घरी येऊन राहावं म्हनून सरकारात अर्ज करनारा जावई निजामाच्या सोळा जिल्ह्यांत हुडका, माझ्याबिगर दुसरा घावायचा न्हाई. लोकं सासू येऊ नये म्हनून नवस बोलतेत. माझं समदं उलटं. शाळंत बी मी दुसरीतून पहिलीत गेल्तो. ते जाऊ द्या.

माझी सासू बसम्मा गंगाखेडला ऱ्हाती. मी चन्नप्पा, गंगाखेड-पालम सडकंच्या कडंच्या बोरखडी गावातला किरानावाला. अंतर काय लय न्हाई. पन बसम्मा एकदा बैलगाडीतून पडली अन् तिची कंबर आशी धरली की तवापून जुपलेली गाडी नुसती दिसली तरी तिला कळ येती. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा गेला, दुसरा जायलाय. तिनं सांगावा धाडला, "नागू, तुझं घर, तुझा संसार एकदा डोळ्यानं बगू दे. मंग आंधार झाला तरी चालतंय. पन गाडीत बसनार न्हाई. मोटारीनं येते. जावईबापूंना म्हनावं, तेवढी मोटार थांबवा."

तेवढी मोटार थांबवा! जशी काय मोटार माझ्या दुकानात पायलीनं मिळती.

मोटार होती, न्हाई आसं न्हाई. गंगाखेडहून पालमला जानारी लाल सरकारी मोटार रोज आमच्या फाट्यावरनं जायची. जायची म्हंजी जायचीच. आमी हात केला की डायवर बी हात करायचा, वरून हसायचा, अन् आमच्या तोंडात धुरळा घालून पुढं. तिथून पालम तीन कोस. पालमला उतरून मागं यायचं तर पुन्हा बैलगाडीच. म्हंजी बसम्माच्या कंबरंची वाट.

माझी बायको नागुबाई काय बोलली न्हाई. तीच तर खरी भीती. आमच्या घरात नागुबाई बोलती तवर समदं ठीक आसतंय. आठ दिस ती मुकाट भाकरी वाढायली. नवव्या दिशी म्हनली, "अवो, दिसभर तराजू घेऊन बसता. गावभर तुमचं वजन हाय म्हनता. एक मोटार थांबना व्हय तुमच्या वजनानं?"

मी भाकर तशीच ठिवली अन् पटका बांधला. मानसाला मान आसतो.

शेजारचे सिद्रामप्पा काका कापडवाले. जन्मात एकदा हैद्राबाद बघून आलेले, म्हनून गावात कुनाचं बी सरकारी काम निघालं की सल्ला त्यांचाच. मला पटका बांधलेला बघून त्यांनी वळखलंच.

"चन्ना, सरकारात जायलास?"

"व्हय काका."

"जाऊ नको. फाट्यावर एक दगड बसव, शेंदूर लाव. डायवर पाया पडायला रोज थांबंल."

"अन् डायवर मुसलमान निगाला तर?"

काकांनी लय इचार केला. "मंग हिरवी चादर टाक," म्हनले.

अशा सल्ल्यावर आमचं गाव चाललंय.

गंगाखेडच्या कचेरीबाहीर लिंबाखाली दिनकरराव अर्जनवीस बसायचे. सरकारची भाषा उर्दू, आमची ही आशी, मदी दिनकरराव. मी त्यांना समदं सांगितलं, सासूच्या कंबरंपून नागुबाईच्या मुकेपनापतोर. त्यांनी दोन वळी लिहिल्या.

"एवढंच? कंबर कुठं गेली?" मी इचारलं.

"चन्नप्पा, सरकारला कंबर नसते," दिनकरराव म्हनले. "सरकारला फक्त अर्ज असतो."

दोन महिन्यांनी जबाब आला. मोटार थांबती ती तालुक्याला, न्हाईतर बाजाराच्या गावाला, न्हाईतर बगन्यासारख्या जागी. दिनकररावांनी इचारलं, "बोरखडी तालुका आहे?"

"न्हाई."

"बाजार भरतो?"

"पालमला भरतो."

"मग बघण्यासारखं काय आहे?"

मी पटका नीट केला. दिनकररावांनी मला पटक्यापून पायतानापतोर न्याहाळलं अन् म्हनले, "तुम्हाला बघायला तर मोटार थांबणार नाही."

मानूस कामाचा होता, पन जीभ चाबकावानी. मंग त्यांनीच वाट काढून दिली. तवा हैद्राबादेत कुनी मोठे साहेब एक किताब तयार करायलते. रियासतीत कुठं काय बगन्यासारखं हाय, जुनं काय, जंगलातलं काय, लोकांच्या रीतीभाती काय, परदेशातून आलेल्या मानसानं कुठं उतरावं, समदं त्यात. त्याचा एक छापील कागद होता. त्यात तीन खाने. पहिला जुन्या इमारतीचा, दुसरा जंगली जनावरांचा, तिसरा रस्म-रिवाजाचा. तिन्ही खाने भरले, मोहतमीम म्हंजी खात्याच्या वरच्या साहेबांनी सवता येऊन डोळ्यानं बघितलं अन् शिक्का मारला, की गाव किताबात. किताबात गाव आलं की मोटार थांबलीच पाह्यजे. एक बी खाना रिकामा ऱ्हायला की नामंजूर.

"साहेब खुर्दादमध्ये येणार," दिनकरराव म्हनले. खुर्दाद म्हंजी आपला चैत.

मी गावात येऊन दुकानापुढं बैठक बसवली. "आपल्या गावात बगन्यासारखं काय हाय?" आसं इचारलं तर समदी एकामेकांकडं बगायली. जलमापून हितं ऱ्हानारी मानसं, कुनालाच काय आठवंना. व्यंकटराव पाटील म्हनले, "माझी घोडी." पन ती घोडी जुनी इमारत म्हनावी का जंगली जनावर, हे ठरंना. चावायची मातर दोन्हीवानी.

शेवटी सिद्रामप्पा काका म्हनले, "येशीबाहीरची बारव हाय की."

बारव होती खरी. पन वर तीन पायऱ्या, त्याच्या खाली गाळ, अन् गाळात बाभळी. म्हातारी मानसं सांगायची, खाली लय पायऱ्या हायत, देव हायत. मी म्हनलं, उकरू. पहिल्या दिशी मी एकट्यानं कुदळ मारली. दुसऱ्या दिशी मला उठवून बसवायला दोन गडी लागले. सासूची कंबर अन् माझी कंबर एका मापाची झाली.

तवा नागुबाईनं डोकं चालवलं. ती आता माझ्याशी बोलायलती, कारन माझी फजिती चालू होती. म्हनली, "अवो, उकरायला या म्हनलं तर कुनी येनार न्हाई. गाळ फुकट न्या म्हना."

म्हनलं. दुसऱ्या दिशी बारवंवर जत्रा! बारवंचा गाळ म्हंजी रानाला तूप. गाड्यावर गाड्या. वरचा गाळ चांगला का खालचा, यावरून भांडनं. पाटलानं सांगितलं, गावठानातला गाळ पहिला माझा. दोन भाऊ सहा सालांपून एकमेकांशी बोलत नव्हते, ते गाळावरून बोलाय लागले. शिव्याच दिल्या, पन बोलले.

महिनाभरात चौतीस पायऱ्या उघड्या पडल्या! कोनाड्यात नंदी निगाला, सोंड वर केलेला हत्ती निगाला, एक बाई निगाली, हातात आरसा घेऊन नटायलेली. आमच्या आज्या-पंज्यांनी जिच्यावर बाभळी वाढवल्या ती बाई इतकी वरसं खाली एकटीच नटायलती. मी नंदीला पानी घातलं, बेल वाह्यला. गळ्यातलं लिंग हातात धरून म्हनलं, महादेवा, पहिला खाना भरला.

पाटील म्हनले, साहेब यायलाय, बारवंला चुना मारा. सरकारी मानूस येनार म्हनलं की आमच्याकडं दिसल त्या वस्तूला चुना लागतो. नागुबाई पायरीवर आडवी बसली. "त्या बाईला चुना लावलात तर साहेबाला म्या सांगीन, जुनं काय बी न्हाई, काल बांधली." तवा वाचली बाई.

आता जनावरं. आमच्या माळावर काळविटं लय. पन मानूस दिसला की दोन उड्यांत गडप. साहेब येनार, त्यांना काय काळविटाच्या उड्यांचा धुरळा दाखवू? तवा माझ्याकडं मीठ घ्यायला आलेला मुंजाजी म्हनला, "शेट, माझा हौशा हाय की."

मुंजाजी आमचा मेंढरंवाला. माळाच्या कडंला त्याचं बिऱ्हाड. चार सालांमागं लांडग्यानं एक हरनी मारली, तिचं पिल्लू त्यानं घोंगडीत घालून आनलं अन् शेळीच्या दुधावर वाढवलं. तेच हौशा. आता चांगला काळाभोर, पीळदार शिंगांचा नर. पन मेंढरांत वाढला, म्हनून सवताला मेंढरूच समजायचा. मेंढरांसंगं चरायचा, मुंजाजीची बायको भिवराबाई हिच्या हातची भाकर खायचा.

"आरं मुंजाजी, त्यो पाळलेला. सरकारला जंगली पाह्यजे."

मुंजाजीला राग आला. "माझ्या घरात त्यो पाळलेला, शेट. तुमच्या कागदात जंगली लिवा. हौशाला काय वाचता येतंय?"

ठरलं. साहेब आले की हौशाची घंटी काढायची, लांब माळावर मोकळा सोडायचा, अन् साहेबांना दुरूनच दाखवायचा. भाकरीचं नाव कुनी काढायचं न्हाई.

तिसऱ्या खान्याचं बगू म्हनलं, अन् चौतीस पायऱ्या लिवून कागद धाडून दिला.

खुर्दाद आला. मी तीनदा हार आनला, तीनदा शेळीनं खाल्ला. साहेब न्हाई. दिनकररावांना इचारलं तर म्हनले, "कागद दुसऱ्या टेबलावर गेला आहे." मी म्हनलं, टेबल केवढं हाय? इकडून तिकडं जायला किती लागतंय? तर म्हनले, "दोन महिने." तिकडून गंगाखेडचा सांगावा, बसम्माला आता दिव्याभोवती कडं दिसायलंय, सुईत दोरा जाईना. नागुबाई पुन्हा गप झाली.

मिरग पडला. मंग आखाड. श्रावनात तर आभाळ फाटलं. अन् पोळ्याच्या आदल्या दिशी कचेरीचा शिपाई आला, "साब कल आरहे."

आमच्याकडं पोळा म्हंजी बैलाचा सन. त्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवनार न्हाई, मंग राजा का येईना. हे मी काऊन सांगायलो ते आईका.

साहेब गंगाखेडहून मोटारीत बसले. बोरखडीचा फाटा आला. साहेब म्हनले, रोको. डायवर म्हनला, हितं थांबायचा हुकूम न्हाई. साहेब म्हनले, मैं मोहतमीम हूँ. डायवर म्हनला, आसाल, पन हुकूम न्हाई. अन् साहेबांना नेऊन पालमला सोडलं. तिथं साहेबांनी बैलगाडी मागितली. पोळ्याच्या दिशी! पालमात एका मानसानं गाडी दिली न्हाई. बैलं नदीवर धुवायला नेलेली, शिंगं रंगवायलेली. मंग साहेब निगाले पायी. काळ्या मातीच्या चिखलातून, तीन कोस.

दुपारच्याला आमच्या येशीत एक वाळका मानूस आला. डोळ्यावर चष्मा, हातात छत्री, गुडघ्यापतोर चिखल अन् एका पायात बूट. दुसरा बूट शिपायाच्या हातात होता, सोल वायला, बूट वायला. आमी समदी बैलांच्या मागं. हार तर बैलाला घातलेला. मीच मोहरं झालो.

"ये बोरखडी की अर्जी किसकी है?" साहेबांनी इचारलं.

मी हात जोडून म्हनलं, "माझी."

साहेबांनी माझ्याकडं आसं बघितलं, बूट चांगला आसता तर तोच हानला आसता.

पानी-गूळ झाला. पायाला गरम पानी दिलं. साहेब जरा शांत झाले अन् म्हनले, "चलो. दिखाओ क्या है वो बावली, चौतीस पायऱ्यांकी."

मी पुढं, साहेब मागं, गाव त्याच्या मागं. बारवंवर गेलो अन् खाली बघितलं. दीड महिना आभाळ पडायलतं. बारव काठोकाठ. वर तीन पायऱ्या. बरूबर तीन, उन्हाळ्यात होत्या तेवढ्याच. नंदी खाली, हत्ती खाली, नटायलेली बाई पुन्हा पान्यात. चौतीस पायऱ्या मी उकरल्या अन् एकतीस महादेवानं झाकल्या.

साहेबांनी बोटानं मोजलं. "एक, दो, तीन. चौतीस कहाँ हैं जी?"

"खाली हायत साहेब."

"मैं खाली नहीं लिखता. मैं जो देखता, वो लिखता."

सिद्रामप्पा काका माझ्या कानात म्हनले, "चन्ना, शब्द दिलाय. उतर."

मला पवता येत न्हाई. गावाला म्हाईत हाय. पन मागं नागुबाई उभी होती, पदर तोंडाला लावून, अन् तिच्या डोळ्यात मला बसम्माचा डोळा दिसायला. मी पटका काढला, धोतराचा काचा मारला अन् उतरलो. साहेबांना आयकू जावं म्हनून मोठ्यानं मोजायलो. "चार! पाच!" पानी गुडघ्याला. "सात!" कंबरंला. "नऊ!" धोतर वर यायलं, फुग्यावानी. बाया हसायल्या. "अकरा!" छाती. "बारा!" गळा. आता पुढं काय? मुंजाजीनं वरून दोरी टाकली, म्हनला, "कमरंला बांधा शेट, डोक्यावर धोंडा घ्या, म्हंजी तरंगनार न्हाई. बुडलात तर वडतो." धोंडा घेतला. मुंडकं खाली गेलं. खाली गेल्यावर मोजायचं कसं? तर हात वर धरला अन् बोटं दाखवली. एक बोट, तेरा. दोन, चौदा. तीन, पंधरा. चार, सोळा. मंग माझं समदं संपलं. धोंडा सुटला, मी उलटा झालो, अन् पान्यावर आधी पाय आले.

मला वडून काढलं. पोटावर दाबलं. डोळं उघडलं तर साहेब वाकून बगायलते. चष्म्यावर पान्याचे थेंब.

"कितनी हुई?"

"सोळा," म्या म्हनलं, अन् त्यांच्या ऱ्हायलेल्या एका बुटावर पानी वकलो.

साहेबांनी वही काढली, लिहिलं, अन् शिपायानं मला वाचून दाखवलं: पायऱ्या चौतीस सांगतात, सोळा मी सवता मोजून घेतल्या, त्याच्या पुढं अर्जदार बुडाला.

पहिला खाना भरला.

मी वल्ल्या धोतरानंच साहेबांना माळाकडं नेलं. मुंजाजी पुढं पळाला. साहेबांनी दुर्बीन डोळ्याला लावली, इकडं फिरवली, तिकडं फिरवली अन् एकदम थांबले.

"ये क्या है?" हळूच म्हनले. "काला हिरन है... मगर सिंगां लाल? पूरी रियासत घूमा मैं, लाल सिंगां का हिरन नहीं देखा!"

मी डोळं बारीक करून बघितलं अन् वळखलं. हौशाच होता. पन शिंगांना हिंगूळ फासलेला, टोकाला बेगड, गळ्यात मन्यांची माळ. मुंजाजी बाजूला उभा होता. मी दात खाऊन हळूच म्हनलं, "आरं, हे काय करून ठिवलंस?"

"पोळा हाय शेट," मुंजाजी म्हनला. "समद्यांच्या बैलांची शिंगं रंगवली. त्यानंच काय पाप केलंय? सकाळपून तोंड पाडून बसलं होतं."

साहेब इकडं भरभरा लिहायलते, "नई किस्म, नई किस्म" म्हनायलते. मला वाटलं, गप ऱ्हावं. किताबात जाईल बोरखडीचा लाल शिंगांचा हिरन, इंग्रज बगायला येतील, मोटार एकदा न्हाई दोनदा थांबंल. तेवढ्यात पलीकडून भिवराबाई पोळी घेऊन आली. तिला कुनी सांगितलंच नव्हतं. ती मोठ्यानं वरडली, "हौश्याऽ! पुरनपोळी!"

अन् ती नवी किस्म चारी पायांवर उड्या मारत आली, साहेबांच्या मांडीला घासून गेली, त्यांच्या पांढऱ्या विजारीवर हिंगुळाचा पट्टा वढला अन् भिवराबाईच्या हातची पोळी खायला लागली.

साहेबांनी वही मिटली. चष्मा काढला. माझ्याकडं बघितलं. आसं बघितलं की बारवंतच ऱ्हायलो आसतो तर बरं, आसं वाटलं.

"झूटे," एवढंच म्हनले, अन् माघारी वळले.

मी त्यांच्या पुढं जाऊन उभा ऱ्हायलो. पटका न्हाई, धोतर वल्लं, अंगाला गाळाचा वास. म्या म्हनलं, "साहेब, हिरन पाळलेला हाय, खोटं बोललो. किताबाचं मला काय करायचं न्हाई. माझी सासू हाय गंगाखेडला. एक डोळा गेला, दुसरा दिवाळीपतोर टिकतो का न्हाई म्हाईत न्हाई. तिला लेकीचं घर एकदा बगायचंय. गाडीत बसता येत न्हाई. मोटार थांबत न्हाई. बास. एवढंच हाय."

साहेब थांबले. "सास के वास्ते?"

"व्हय."

"अपनी सास के वास्ते ये सब किये तुम? बावली खोदे, पानी में डूबे?"

"व्हय साहेब."

साहेबांनी लांब माळाकडं बघितलं. "मैं तो जी," म्हनले, "सास के मारे ये दौरे की नौकरी लिया."

तेवढ्यात मुंजाजीनं साहेबांचा दंड धरला. सरकारी मानसाचा दंड! "गप, गप बसा," म्हनला, अन् आमाला दोघांनाबी खाली बसवलं.

समोरच्या बोरीच्या झुडपांतून एक नर निगाला. खरा, माळावरचा. काळा कुळकुळीत, पांढऱ्या पोटाचा, गळा ताठ करून. मागं लांब हरन्या उभ्या. त्याच्या हद्दीत एक लाल शिंगांचा, माळ घातलेला परका नर पुरनपोळी खायलाय, हे त्याला कसं खपावं? त्यो मान वाकडी करून हळूहळू आला, अन् मंग एकदम.

खाड्! शिंगाला शिंग. हौशाला कळंच ना काय चाललंय. त्यो जलमात मेंढ्यांशीच टक्करला होता. पन मेंढ्यांनी शिकवलेलं कामाला आलं. त्यो चार पावलं मागं गेला, मेंढ्यावानी डोकं खाली घातलं, अन् आला की हो वरून! तशी टक्कर काळवीट मारत न्हाईत. जंगली नराला ठावकीच नव्हती. दोघं आमच्यापून वीस पावलांवर, धुरळा न्हाई, चिखल उडायला, मन्यांची माळ तुटून मनी उधळले, बेगड उडाली. साहेबांनी दुर्बीन टाकून दिली. दुर्बीन कशाला पाह्यजे? तोंड उघडं, हातात पेन्सील, अन् पेन्सील मोडलेली.

शेवटी मुंजाजीच्यानं ऱ्हावलं न्हाई. घोंगडी फिरवत मदी घुसला, "आरं भाड्या, सनासुदीला भांडतूस! भाकर खायची अन् मारामाऱ्या करायच्या!" शिव्या हौशाला, पन घाबरला जंगली. शिंगांवर हिंगूळ लावून घेऊन त्यो माळावर उडाला, पाठीमागं साऱ्या हरन्या. एक उडी, दुसरी उडी, वीस-पंचवीस, जशी काय माळानंच उड्या मारल्या. मावळतीचं ऊन त्यांच्यावर. आमी जलमापून तिथं ऱ्हातो, पन देवाशपथ सांगतो, त्या दिशी मी पहिल्यांदा आमचा माळ बघितला.

साहेबांनी चिखलातली दुर्बीन उचलली. मंग म्हनले, "बीस बरस से घूमता हूँ. ये आज देखा."

दुसरा खाना त्यांनी उभ्या उभ्या भरला.

"तिसरा, साहेब?" म्या भीत भीत इचारलं. "आमच्यात पोळा आसतो..."

"पोला हर गाँव में है." साहेबांनी तिकडं बोट केलं. भिवराबाई हौशापुढं ताट घेऊन बसली होती. त्याच्या खुरावर पानी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, मोडलेली बेगड पुन्हा चिकटवायलती, अन् रागं भरायलती, "लागलं का रं? दाव. कुठं लागलं?" साहेबांनी लिहिलं. शिपायानं वाचून दाखवलं: हितली मानसं हिरनाचा बी पोळा करतात, अन् त्याला पोरावानी रागं भरतात. असा रिवाज दुसरीकडं कुठं न्हाई.

तिन्ही खाने भरले. मंग साहेबांनी भिवराबाईकडं हात केला, "अम्मा, वो पोली हमको भी."

पन अजून एक कळ बाकी होती. साहेबांना सांजंच्या मोटारीनं गंगाखेडला परत जायचं, अन् मोटार तर थांबत न्हाई! साहेबांचा चेहरा पडला. पुन्हा पालम, पुन्हा तीन कोस?

व्यंकटराव पाटलांनी तवा मिशीला पीळ दिला. म्हनले, "पोळा फुटायची येळ झालीच हाय. आज मिरवनूक येशीतून न्हाई, फाट्यावरनं."

अन् निगालं गाव. हलगी, सनई, ऐंशी जोड्या बैल, झुला, घुंगरं, बाशिंगं. हौशा बी मदी, मुंजाजीच्या खांद्याला डोकं घासत. मोटार वळनावर आली तवा समद्या सडकंवर बैलच बैल. डायवरनं भोंगा वाजवला. बैलांना वाटलं, सनईवाला नवा आलाय. एक बी हालला न्हाई.

मोटार थांबली. हो, थांबली! आमच्या फाट्यावर! काही म्हाताऱ्या तर जाऊन तिला हात लावून बगायल्या.

डायवर खाली उतरून वरडायला, तवा बैलांतून साहेब मोहरं झाले. विजारीवर हिंगूळ, पायांत मुंजाजीच्या वहाना, तोंडाला पुरनाचा गूळ. "पहचाने?" म्हनले. डायवरचा पार कागद झाला. साहेबांनी मोटारीच्या नाकाडावर कागद ठिवला, हुकूम लिहिला, शिपायाच्या थैलीतून शिक्का काढून धाडकन् मारला, अन् डायवरच्या हातात दिला. "आज से दोनों तरफ रुकेगी. ऊपर से मंजूरी आने तक ये हुकूम चलेगा. पढ़ो."

डायवरनं वाचलं. मंग आपली टोपी काढून मला सलाम केला. मला! धोतरातून अजून पानी गळायलतं.

सिद्रामप्पा काका मागून म्हनले, "मी म्हनलं होतंच, सरकारात जा."

आठ दिसांनी दुपारच्याला मोटार फाट्यावर थांबली. आधी गाठोडं उतरलं, मंग काठी, मंग बसम्मा. नागुबाई पळत गेली अन् थांबली, कारन बसम्मानं हात वर केला होता. "थांब," म्हनली, "जवळ येऊ नको. तितंच उभी ऱ्हा. दुरून बगू दे आधी." अन् एक डोळा बारीक करून लेकीला बघितलं, लय येळ. डायवरनं भोंगा वाजवला न्हाई.

मंग घरी आली. भिताडाला नाक लावून बघितलं, चूल बघितली, दुकानातला तराजू हातात घेऊन बघितला, देवळीतला महादेव बघितला. समदं बघून झालं तवा माझ्याकडं वळली. "जावईबापू, तुमी बी बरे दिसता," म्हनली. "मला वाटलं होतं, आता वंगाळ झाले आसाल."

चार दिसांसाठी आली होती. आता दोन महिने झाले. मोटार रोज फाट्यावर थांबती, डायवर मान बाहीर काढून इचारतो, "चन्नप्पा, सासूबाई निघाल्या का?"

मी हात करतो. "आज न्हाई. जाऊ दे गाडी."